सहा महिन्यांचा हंगाम, सहा महिन्यांच्या गोळ्या

दिवाळीचा फराळ अजून डब्यात असतो, कोनाड्यातल्या पणत्याही उचललेल्या नसतात, आणि आमच्या लोणार, सिंदखेड राजा, मेहकर या घाटावरच्या तालुक्यांतून गाड्या भरायला लागतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, एखादी शेळी, लेकरं आणि माणसं. ऊसतोडीला निघालेली. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी मराठवाड्यात, कुणी थेट कर्नाटकात. मोताळ्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद-संग्रामपूरकडची माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. ही सगळी मंडळी परत येतात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. हिशोब मांडला तर पाच-सहा महिने होतात.

आता दुसरा हिशोब. टीबीच्या, म्हणजे आपल्या बायाबापड्या ज्याला अजूनही दबक्या आवाजात 'ते मोठं दुखणं' म्हणतात त्या क्षयाच्या, साध्या औषधोपचाराला किती दिवस लागतात? सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. रोज. एकही दिवस न चुकवता. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात जिच्या थुंकीत जंतू सापडले, तिच्या गोळ्यांचे सहा महिने आणि तिच्या उसाचे सहा महिने एकमेकांवर बरोबर बसतात. गोळ्या गावातल्या आशाताईकडे आणि पेशंट तीनशे-चारशे किलोमीटरवर फडात!

लोणार भागातल्या एका बाईला मी मागे विचारलं होतं, "डॉक्टरांनी सांगितलं ना, औषध पूर्ण कर म्हणून? मग यंदा राहायचं होतं घरी." ती म्हणाली, "ताई, मुकादमाची उचल घेऊन बसलो आमी. आता नाही म्हनता येते का?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल त्या जोडीवर दिलेली असते. बाई मागे राहिली की कोयता मोडला, उचल अंगावर फिरली. म्हणून नवऱ्याला ताप असेल तर नवरा जातो, बाईला खोकला असेल तर बाईही जाते. तिथे पहाटे तीन-चारला उठायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, आणि परत येऊन कोपीत चूल पेटवायची. दवाखान्यात गेलं तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. अशा ठिकाणी कुणी बाई "माझ्या गोळ्या संपल्या" म्हणून तालुक्याचं गाव शोधत जाईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस फडात काढून बघावा.

आणि कोपी म्हणजे काय, तर वर गोल केलेली चटई किंवा प्लास्टिकचा कागद, आत वाकून शिरायचं, खिडकी नाहीच. तिथेच चूल, तिथेच तान्हं बाळ, तिथेच खोकणारं माणूस. टीबीचा जंतू हवेतून जातो. बंद, कोंदट जागा त्याला फार मानवते. त्यात आपल्या बायकांची एक जुनी सवय, खोकला चुलीच्या धुरावर ढकलायची. "धुराचा खोकला आहे, जाईल." दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणं, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काहीही असलं तर तो धुराचा नाही असं समजून थुंकी तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

हे सगळं आज का लिहिते आहे? तर एका वाचक भगिनीच्या प्रश्नामुळे. त्यांच्या मुलीला शिकायला इंग्लंडला जायचं आहे. अकरावीत असताना तिला टीबी झाला होता, औषधं पूर्ण केली, ठणठणीत बरी झाली. आता व्हिसासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागणार. आई विचारते, "सांगायचं की लपवायचं? सांगितलं तर पोरीचं नशीब आडवं येईल का?" मी याची माहिती काढत बसले आणि काढता काढता मला आपल्याच फडातल्या बाया दिसायला लागल्या.

आधी त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. लपवू नका. इंग्लंडला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना निघण्यापूर्वी त्यांनी ठरवून दिलेल्या दवाखान्यातूनच टीबी नसल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पूर्वी हा एक्स-रे तिकडे विमानतळावर उतरल्यावर काढत. 2012 पासून टप्प्याटप्प्याने तो इकडेच काढायला लागले. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला म्हणून कुणाला आपोआप नाकारत नाहीत. शंका आली तर थुंकीचे नमुने घेतात आणि जंतू वाढतात का ते पाहायला काही आठवडे थांबवतात. म्हणून जुन्या उपचाराचे कागद, जुने एक्स-रे जपून ठेवायचे आणि तपासणी लवकर करायची, विद्यापीठ सुरू व्हायला महिना उरला असताना नाही. रोग खरंच निघाला तर उपचार इथे पूर्ण करून मग जाता येतं. पोटुशी बाई असेल तर तिने तसं सांगावं, एक्स-रेऐवजी थुंकीची तपासणी करण्याची सोय आहे. त्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिने असते. पुन्हा सहाच.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. इंग्लंडमध्ये टीबीचे जे रुग्ण सापडतात त्यांतले दर पाचांत सुमारे चार जण परदेशात जन्मलेले असतात आणि त्यांत भारतात जन्मलेले सगळ्यांत जास्त. असं असताना त्या देशाने काय करावं? "तुमचा रोग तुम्ही आणला, तुम्ही निस्तरा" असं म्हणता आलं असतं. परदेशातून आलेल्यांकडून दवाखान्याचे पैसे वसूल करण्यात तिथलं सरकार मुळीच मागे नाही. 2015 पासून व्हिसाबरोबरच आरोग्याचा वेगळा अधिभार घेतात, तो 2024 मध्ये वर्षाला 1,035 पौंडांवर नेला, विद्यार्थ्यांना 776. मात्र टीबीची तपासणी आणि उपचार त्यांनी सगळ्यांना फुकट ठेवले आहेत. कागद असो नसो, व्हिसा संपलेला असो.

ही काही दया नाही, बरं का. हा सरळ व्यवहार आहे. बिलाच्या भीतीने माणूस लपून बसला तर तो बसमध्ये, कारखान्यात, एका खोलीत दाटीने राहणाऱ्या मित्रांमध्ये खोकत राहणार. त्याला फुकट औषध देणं शेवटी स्वस्त पडतं. आणि रोग 'आणला' म्हणणंही अर्धवट आहे. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या माणसांच्या शरीरात हा जंतू झोपलेला असतो. त्यांतल्या बहुतेकांना जन्मात रोग होत नाही. पण माणूस परमुलखात जातो, चार जणांत एक खोली घेतो, दोन पाळ्यांत काम करतो, नीट जेवत नाही आणि काही वर्षांनी तो जंतू जागा होतो. निघताना काढलेल्या एक्स-रेत काहीच नव्हतं, तो खोटा नव्हता. म्हणून 2015 पासून इंग्लंडमध्ये जिथून हा रोग जास्त येतो त्या देशांतून नव्याने आलेल्या तरुणांची झोपलेल्या जंतूसाठीही रक्ततपासणी करून औषध देण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

सगळंच छान छान आहे असं नाही. 2017 मध्ये तिथल्या आरोग्यखात्याकडची पत्त्यांची माहिती परदेशी नागरिकांचा हिशोब ठेवणाऱ्या गृहखात्याला देण्याचा करार झाला होता. डॉक्टरांनी आणि संस्थांनी ओरड केली की अशाने आजारी माणूस दवाखान्याची पायरीच चढणार नाही. 2018 मध्ये तो प्रकार सरकारला थांबवावा लागला. फुकट औषधाची पाटी लावली आणि दारात पोलीस उभा केला, तर पाटीचा उपयोग काय!

आखाताची तऱ्हा निराळी. तिकडे नोकरीला जाणाऱ्या पोरांची इथेच वैद्यकीय तपासणी होते आणि फुप्फुसावर जुना, बरा झालेला डाग दिसला तरी शिक्का पडतो 'अनफिट'. ज्याने इमानाने सहा महिने गोळ्या खाल्ल्या तोही बाद. एजंटाला दिलेले पैसे, घरच्यांनी काढलेलं कर्ज, सगळं बुडालं. मग पुढची पोरं काय शिकतात? दुखणं अंगावर काढा, सरकारी दवाखान्यात नाव लागू देऊ नका. श्रीमंत देशाने आपलं दार घट्ट लावलं म्हणून रोग थांबत नाही, तो नुसता लपतो.

परदेशात गेलेली आणि क्षयाने गेलेली आपली पहिली लेक आपण विसरलो नाही ना? आनंदीबाई जोशी. 1883 मध्ये एकटी बोटीने अमेरिकेला गेली, 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. तिथली कडक थंडी, जेवणाखाण्याची आबाळ, अभ्यासाचा ताण. तब्येत तिकडेच ढासळली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती, पण रुजू होणं नशिबी नव्हतं. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात ती गेली, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने 24 मार्च 1882 रोजी, ती निघण्याच्या वर्षभर आधी, जगापुढे ठेवला होता. रोग कशाने होतो ते कळलं होतं, औषध मात्र साठ वर्षं लांब होतं. शिकलेली डॉक्टर असून तिच्यासाठी जगात कुणाकडेच काही नव्हतं. आज फडातल्या बाईसाठी औषध आहे, तेही फुकट आहे. तिच्यापर्यंत ते पोचवायचं एवढंच उरलं आहे, आणि तेवढंच अवघड झालंय.

औषध आल्यावरही बरीच वर्षं समजूत अशी होती की क्षयाच्या रोग्याला थंड हवेच्या आरोग्यधामात वर्षभर ठेवायलाच हवं. पाचगणी, मिरज ही नावं जुन्या घरांमध्ये याच संदर्भात ऐकू येत. आमच्या बुलढाण्याची हवा थंड, इथलं क्षय आरोग्यधामही जुन्या माणसांना ठाऊक आहे. मग 1956 मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्त्यांतले रुग्ण घेतले, निम्म्यांना आरोग्यधामात खाटेवर ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीच्या घरातच राहू देऊन औषधं दिली. 1959 मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना रोग जास्त लागला असंही दिसलं नाही. दूधअंडी आणि आरामापेक्षा गोळ्या नेमाने पोटात जाणं महत्त्वाचं ठरलं. ब्रिटनचे शास्त्रज्ञ या कामात होते. पुढे श्रीमंत देशांतलीही आरोग्यधामं बंद होत गेली, त्यात या मद्रासच्या झोपडपट्टीतल्या माणसांचा मोठा वाटा आहे. हे आपण आपल्या पोरांना शाळेत शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं.

पण त्या प्रयोगात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. रुग्णाला घर होतं, आणि आरोग्याचं माणूस त्या घरी जाऊन डोकावत होतं. घरच चाकावर असेल तर?

कागदावर याचीही सोय आहे, हे सांगायला हवं. 2012 पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक झालं, 'निक्षय' ही नोंदणी सुरू झाली. प्रत्येकाला एक नंबर मिळतो आणि त्या नंबरावर देशात कुठल्याही सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू करता येतं. बुलढाण्याची फाईल सांगलीला पाठवता येते. अडतं कुठे, तर फाईल पोचते आणि बाई पोचत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की असं करता येतं. नंबर नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला असतो, मोबाइलचं कार्ड बदललेलं असतं. पोषणासाठी मिळणारे पैसे, जे 2018 मध्ये महिना 500 रुपयांनी सुरू झाले आणि नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले, तेही बँक खात्यात जमा होतात. खातं कुणाचं, पासबुक कुणाच्या पिशवीत, हे प्रत्येकीने स्वतःला विचारून बघावं.

मधेच औषध सुटलं तर काय होतं? दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी होतो, ताप जातो, बाईला वाटतं झाले बरी. जंतू मात्र मेलेले नसतात. उरलेले चिवट होतात आणि नेहमीची औषधं त्यांच्यावर चालेनाशी होतात. मग तपासण्या वाढतात, औषधं बदलतात, ती अंगाला जड जातात, आणि तिच्यापासून लेकराला लागणारा रोगही तसाच चिवट असतो.

मला विचाराल तर कारखान्याचा पट्टा म्हणजे आपल्या फडातल्या बाईसाठी श्रीमंत देशच आहे. तिथे पक्के रस्ते आहेत, मोठे दवाखाने आहेत, साखरेचा पैसा आहे. ती तिथे पाहुणी नाही आणि रहिवासीही नाही. रेशन गावचं, आशाताई गावची, मतदान गावचं. तिथला आरोग्यसेवक म्हणतो ही आमच्या यादीत नाही, इथला म्हणतो ती गावात नाही. लंडनच्या व्हिसा संपलेल्या पोराला जे मिळतं, म्हणजे 'तू कुठलाही अस, औषध घेऊन जा', ते कागदोपत्री हिलाही मिळालेलं आहे. पण तिच्यावर पोलिसाऐवजी मुकादमाचा डोळा आहे. "हिला टीबी आहे" हे टोळीत कळलं तर पुढच्या वर्षी उचल मिळेल का, ही तिची भीती आहे.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. चौकशी समिती बसली, हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणीचा विषय पुढे आला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं. माझी मागणी अशी आहे की त्या पैशातून आधी एक काम व्हावं. जिचा टीबीचा उपचार चालू आहे तिला तो हंगाम घरी राहता यावं आणि तिच्या वाटणीची उचल महामंडळाने भरावी. सहा महिन्यांची गोष्ट आहे. तिच्यामुळे टोळीतली दहा माणसं वाचतील, म्हणजे इंग्लंडने केला तोच व्यवहार. आणि तपासणी दिवाळीनंतर नको. उचल पावसाळ्यातच वाटली जाते, तेव्हाच थुंकी तपासली तर दोन महिन्यांचा पहिला टप्पा गावातच उरकतो. जी तरीही जाईल तिच्या कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्राला इथल्या आरोग्य केंद्राने फोन करावा, आणि ती पोचली का हे आठ दिवसांनी पुन्हा विचारावं. सुनेला माहेरी सोडताना आपण पोचल्याचा फोन करायला सांगतो, तितकंच.

बायकांनी आपसात बोलायच्या आणखी काही गोष्टी आहेत, पुरुष डॉक्टरांना विचारायची लाज वाटते म्हणून इथे सांगते. या औषधाने लघवी केशरी-लालसर होते, ते रक्त नाही, घाबरून गोळ्या टाकू नका. पाळणा लांबवायच्या गोळ्या खात असाल तर टीबीच्या औषधामुळे त्यांचा भरवसा कमी होतो. डॉक्टरांना सांगा, तांबी किंवा दुसरं साधन वापरता येतं. अंगावर पाजत असाल तर पाजणं थांबवायचं नाही, तोंडाला मास्क किंवा पदर बांधून पाजा आणि बाळालाही दाखवून घ्या. पोटातल्या पिशवीलाही टीबी होतो, मूल होत नाही म्हणून जिला बोल लावले जातात तिची ही तपासणी व्हायला हवी. आणि उपचार नीट सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचा रोग दुसऱ्याला लागेनासा होतो. ताटवाटी वेगळी करायची गरज तर पहिल्या दिवसापासूनच नाही, कारण हा रोग भांड्यातून लागत नाही. सुनेची ताटवाटी वेगळी करणाऱ्या किती घरांत खिडकी उघडी ठेवतात ते एकदा मोजायला हवं.

निघणाऱ्या बायांनी निक्षयचा नंबर रेशनकार्डाच्या आतल्या पानावर पेनाने लिहून घ्यावा. मोबाइल हरवतो, रेशनकार्ड हरवत नाही. जाण्याआधी निदान महिनाभराच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि कारखान्याच्या गावचं नाव दवाखान्यात सांगून यावं. अडलं तर 1800-11-6666 या नंबरवर फोन करता येतो, पैसे लागत नाहीत.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेआधी बायकांची ग्रामसभा घ्यावी लागते, आणि ती वेळ उचल वाटपाचीच असते. बहुतेक गावांत सह्या गोळा करून ती सभा उरकतात. यंदा सही करण्याआधी एवढं विचारा, की आपल्या गावातून किती कोयते जाणार आहेत आणि त्यांतल्या किती जणींची थुंकी तपासून झाली आहे. उत्तर आलं नाही तर मला कळवा.